पाचवा सागरगोटा

आमच्या समोरच्या घरातली कोरियन आजी त्यांच्या नव्या वर्षाच्या दिवशी खेळाचा पट दर वेळी नव्याने काढते. सरलेल्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर घ्यायचं, डिसेंबरचं पान फाडून उलटं करायचं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करने एकोणतीस वर्तुळं काढायची. वीस बाहेरच्या चौकोनावर, नऊ आतल्या तिरप्या रेघांवर. फूटपट्टी नाही, पेन्सिलची खूण नाही. जमिनीवर गुडघे टेकून ती पहिलं वर्तुळ काढायची तेव्हाच शेवटचं कुठे येणार हे तिला ठाऊक असायचं. अकरा वर्षं माझी बायको त्या पटावर तिची जोडीदार होती. आणि अकरा वर्षं मी त्याच खोलीत, सात-आठ फुटांवर, सोफ्यावर पुस्तक घेऊन बसलेला होतो.

मागच्या जूनमध्ये माझी बायको गेली. यंदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला आजीचा मुलगा नासपतींचा खोका घेऊन आमच्या दारात आला. पन्नाशीचा, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर असलेला हा गृहस्थ मला काका म्हणतो. बायकोने त्याला ते शिकवलं होतं. तो आत आला नाही. म्हणाला, "काका, आई म्हणते, यंदा पट काढणार नाही. जोडी मोडली, आता कुणाबरोबर बसू, म्हणते." उन्हाळ्यापासून ती जेवणापुरतीच खाली येते, हेही त्याने सांगितलं. मग बराच वेळ आमच्या पोस्टाच्या पेटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही याल का? खेळता नाही आलं तरी चालेल."

मी त्याला सांगितलं की आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नसतो.

त्याने लगेच मान हलवली. हे आपल्याला माहीत असायला हवं होतं, सॉरी, म्हणाला. खोका पायरीवर ठेवून रस्ता ओलांडून निघून गेला.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं. आम्ही अमेरिकेत अल्फारेटाला राहतो. इथे मराठी घरं भरपूर आहेत, आणि कुणाकडे वर्ष आहे हे सगळ्यांना माहीत असतं. गणपती आणला नाही. दिवाळीला मित्रमंडळींनी फराळाचे डबे आणून दिले आणि दाराशीच दोन शब्द बोलून ती परतली. पण मी काही फार धार्मिक माणूस नाही. महिन्याच्या महिन्याला करायचं असतं तेही मी केलेलं नव्हतं. वर्षाचा नियम मला आयता मिळाला होता आणि मी त्याच्या आड बसलो होतो, जसा आयुष्यभर पुस्तकाच्या आड बसलो. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची सूची करण्यात माझी सगळी नोकरी गेली. माणसांच्या गर्दीत मला काय करावं ते सुचत नाही. बायकोला सुचायचं.

पहिल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे गेलो ते निव्वळ शेजारधर्म म्हणून. ती मंडळी त्याआधीच्या शरद ऋतूत राहायला आली होती. दाराशी चपला-बुटांची रास बघून बायको मला हळूच म्हणाली, "आपल्यासारखंच आहे." मी बूट काढून कुठे ठेवावेत या विचारात उभा होतो. आत आजीची नात, तेव्हा अकरा वर्षांची असेल, फरशीवर बसून प्लास्टिकचे पाच रंगीत खडे खेळत होती. एक वर उडवायचा, तो हवेत असताना खालचा एक उचलायचा, वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन. शेवटी पाचही उडवून तळहाताच्या पाठीवर घ्यायचे. बायकोच्या एका पायात अजून बूट होता.

"अहो, हे तर सागरगोटे," ती म्हणाली, आणि तो काढलेला बूट पुन्हा चढवून घरी गेली.

परत आली ती पितळेची लहान डबी घेऊन. तिच्या सांगलीच्या माहेरचे पाच सागरगोटे त्या डबीत होते, राखाडी, गुळगुळीत, कठीण. लग्न होऊन आमच्या पहिल्या सुटकेसमधून ते अमेरिकेत आले होते आणि त्यानंतर तिला ते खेळताना मी कधीच पाहिलं नव्हतं. आजीने एक उचलून नखाने खरवडून पाहिला, वास घेतला, कानाशी धरून हलवला. मग कोपराने नातीला बाजूला सारलं आणि स्वतः मांडी घालून बसली. ती तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती, बायको सत्तावन्नची. आजीला इंग्रजीचे दहा-बारा शब्द येत होते आणि बायकोला कोरियनचा एकही नाही. दोघी पाऊण तास खेळल्या. शेवटच्या फेरीत आजी पाचही गोटे हाताच्या पाठीवरून पुन्हा उडवायची आणि घार झडप घालते तशी वरून मूठ मारून हवेतच पकडायची. एकही निसटायचा नाही. बायकोने हे आपल्याकडे चालत नाही असं मराठीत ठणकावून सांगितलं. आजीने कोरियनमध्ये काहीतरी उत्तर दिलं. दोघींचं एकमेकींना पूर्ण समजलेलं दिसत होतं.

त्या घरातले आणि गल्लीतले सगळे तिला हल्मोनी म्हणतात, म्हणजे आजीच. बायकोनेही पहिल्या दिवसापासून आजी म्हणायला सुरुवात केली. उलट आजी तिला ज्या नावाने हाक मारायची त्याचा अर्थ सुनेने धाकटी बहीण असा सांगितला. एकीने आजी म्हणायचं आणि दुसरीने धाकटी, असं ते नातं अकरा वर्षं कुणाच्याही तक्रारीशिवाय चाललं.

त्यांच्या या दिवसाला खूप खेळ असतात. ड्राइव्हवेवर कागदाची शेपटी लावलेलं एक जड नाणं बुटाच्या आतल्या बाजूने टोलवत राहायचं. ते खाली पडू द्यायचं नाही. मुलगा धापा टाकत पाच-सहापर्यंत जायचा. आजीने पंचाहत्तराव्या वर्षी ते सलग नऊ वेळा टोलवलेलं मी खिडकीतून मोजलं आहे. लांब मानेच्या भांड्यात दुरून बाण टाकायचा एक खेळ असतो, तो सून छान खेळते. आणि एक खेळ इथे नाही, पण आजीच्या गावी होता. आडव्या फळीच्या दोन टोकांवर दोन मुली उभ्या राहायच्या आणि आळीपाळीने उड्या मारून एकमेकींना उंच उडवायच्या. कुंपणाच्या भिंतीपलीकडचा रस्ता दिसावा म्हणून, असं आजी म्हणायची. हे ऐकल्यावर बायकोने तिला उठवून ड्राइव्हवेवर आणलं, हात कैचीसारखे धरायला लावले आणि फुगडी घातली. चारच गिरक्या झाल्या असतील. नंतर दोघी गाडीला टेकून दम खात होत्या आणि सून आजीचं ब्लड प्रेशर बघायचं यंत्र शोधत होती.

पण खरा खेळ पटाचा. त्याला युत म्हणतात. फाशांच्या जागी लाकडाच्या चार कांड्या, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. चारही एकदम वर फेकायच्या. एक सपाट पडली तर डुक्कर, एक घर चालायचं. दोन पडल्या तर कुत्रा, तीन तर मेंढी, चार तर बैल. चारही फुगीर पडल्या तर घोडा, पाच घरं. बैल आणि घोडा पडला की आणखी एक फेक मिळते. दोन्ही पक्षांच्या चार-चार सोंगट्या पटाला वळसा घालून बाहेर न्यायच्या. नेमकं कोपऱ्यावर थांबता आलं तर आतल्या जवळच्या वाटेने जाता येतं. प्रतिपक्षाच्या सोंगटीवर जाऊन पडलं की ती सुरुवातीला परत, आणि मारणाऱ्याला आणखी एक फेक. एवढंच. तासाभरात शिकता येईल असा खेळ, पण मी अकरा वर्षं तो जनावरांच्या नावांच्या आरड्याओरड्यातूनच ऐकला. कांड्या जाड, फुलाफुलांच्या, मखमली ब्लँकेटवर फेकतात. बाहेर पडली एक जरी, तरी ती फेक बाद. बायको फार जोरात फेकायची. तिच्या कांड्या माझ्या सोफ्याखाली यायच्या आणि मी पुस्तकातून मान वर न काढता पायाने परत सरकवायचो. एका वर्षी तिने भारतातून सोलापुरी चादर आणली, या ब्लँकेटऐवजी ही घाला म्हणून. आजीने वीण हाताने चाचपून पाहिली, मान डोलावली, चादर स्वतःच्या गुडघ्यांवर पांघरली आणि ब्लँकेट होतं तिथेच राहू दिलं.

मुलगा आणि सून एका बाजूला. त्यांच्या सोंगट्या म्हणजे जुन्या कोटाची चार मोठी बटणं. आजी आणि बायको दुसऱ्या बाजूला. त्यांच्या सोंगट्या चार सागरगोटे. खेळ संपला की ते चार कांड्यांबरोबर आजीच्या बिस्किटांच्या डब्यात जायचे आणि पाचवा बायको घरी घेऊन यायची. मी एकदा तिला विचारलं होतं की एक तरी कशाला आणतेस, पाचही तिथेच ठेव. ती म्हणाली, "म्हणजे पुढच्या वर्षी जावंच लागतं." गेल्या वर्षी केमोनंतर डोक्याला रुमाल बांधूनही ती गेली. त्या दिवशी तिला चार कांड्या एका मुठीत धरवत नव्हत्या. आजीने आपल्या हाताची ओंजळ तिच्या हाताखाली धरली आणि दोघींनी मिळून फेकलं. हे मी पाहिलं, कारण त्या दिवशी माझ्या हातात पुस्तक असूनही मी वाचत नव्हतो.

मुलगा नासपती देऊन गेला त्या आठवड्यात मी पाचवा सागरगोटा शोधायला लागलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बायकोच्या वस्तूंना मी हात लावला नव्हता. तिला चिठ्ठ्या लिहून ठेवायची सवय होती. फ्रिजवर, मसाल्यांच्या डब्यांवर, औषधांच्या खोक्यांवर तिचं उभं, घाईचं अक्षर अजून आहे. "तूरडाळ आणणे." "ह्यांच्या गोळ्या बुधवारी संपतात." या चिठ्ठ्यांतून वाट काढत मी कपाटं उघडली. पितळेची डबी रिकामी होती. तिच्या जाड कोटाच्या खिशात, एका वापरलेल्या टिशूत गुंडाळलेला, तो मिळाला.

मुलगी सिॲटलला असते. तिला फोनवर सांगितलं. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, हे आमचं जुनंच. आईने केमोच्या वर्षीसुद्धा चुकवलं नव्हतं, एवढंच तिने म्हटलं. जा असं म्हणाली नाही. माझी मुलगी माझ्यावर गेली आहे.

त्यांच्या नव्या वर्षाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी रस्ता ओलांडला. ठरवून गेलो होतो की दारातच उभं राहायचं, सागरगोटा द्यायचा आणि परत यायचं. पाच पुरे झाले की आजीला एकटीला निदान ते तरी खेळता येतील.

दार सुनेने उघडलं. आत एका लांब मेजावर सकाळचा नैवेद्य अजून थोडा मांडलेला होता. त्यांच्यात नव्या वर्षाची सुरुवात गेलेल्या माणसांपासून होते. त्यांच्यासाठी तांदळाच्या वड्यांचं सूप, फळं, मासे मांडायचे, नमस्कार करायचा, त्यांचं जेवून झालं की मग घरच्यांनी जेवायचं, आणि त्यानंतर खेळ. मेजामागे आजीच्या नवऱ्याचा फोटो होता. आजी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, गुडघ्यांवर सोलापुरी चादर. गेल्या वर्षीपेक्षा ती खूपच लहान दिसत होती. ब्लँकेट जमिनीवर अंथरलेलं नव्हतं.

मी दारातूनच तळहात पुढे केला. ती उठून माझ्यापाशी आली, सागरगोट्याकडे पाहिलं आणि माझी बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली. सुनेकडे बघून काहीतरी म्हणाली.

"हा इथे ठेवायचा नसतो म्हणतायत," सून म्हणाली. "हा घेऊन यायचा असतो."

मी पुन्हा आमच्या वर्षाबद्दल सांगितलं. सुनेने ते आजीला समजावलं. बराच वेळ लागला. आजीने मध्येच एक प्रश्न विचारला. मी विचारलं, काय म्हणतात? ती ओशाळून म्हणाली, "विचारतायत, वर्षभर सण नाही, तर वर्षभर ती जेवते कुठे?"

आजी उत्तरासाठी थांबली नाही. तिने मला खिडकीखालच्या लहान स्टुलाकडे बघायला लावलं. त्याच्यावर झाकण ठेवलेला एक वाडगा होता. आम्ही मांस खात नाही म्हणून ती अकरा वर्षं आमच्यासाठी समुद्री शेवाळ आणि मशरूमच्या पाण्यात वेगळं सूप करायची. ते यंदाही केलं होतं. वाडगा सकाळपासून तिथे होता. मोठ्या मेजावर ठेवता येत नाही, सुनेने सांगितलं, ते त्यांच्या पूर्वजांचं असतं; म्हणून आईंनी खेळाच्या जागेजवळ ठेवला.

पट काढायचा नाही असं जिने ठरवलं होतं, तिने खेळाच्या जागेजवळ वाडगा ठेवला होता. मी बूट काढले.

आजी एकच शब्द बोलली. मुलगा लगबगीने उठून कॅलेंडर आणि मार्कर घेऊन आला. सुनेने ब्लँकेट अंथरलं. चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई एका हाताने खुर्ची धरून जमिनीवर उतरली. कागदाचा कोपरा वर येत होता, तो मी दाबून धरला. रेघ वाकडी जात होती, तरी वर्तुळ सुरू केलं की पूर्ण होईपर्यंत ती थांबायची नाही. शेवटच्या दोन वर्तुळांना जागा कमी पडली. ती तिने लहान काढली, मागे सरून पाहिलं आणि मार्करला टोपण लावलं. मी जन्मभर चांगल्या छपाईची पुस्तकं हाताळली, पण एखादी वस्तू आपल्यासमोर अशी नव्याने होताना पाहायला मिळणं वेगळं. अकरा वेळा हे माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. मी आजीचा जोडीदार. माझी पहिली फेक ब्लँकेटच्या बाहेर गेली आणि मुलगा समाधानाने म्हणाला, "वहिवाट चालू आहे." हळूहळू मला गती येऊ लागली. आमचा एक गोटा वळसा पुरा करून पटाबाहेर पडला. मग माझ्या मेंढीने आमचा दुसरा गोटा नेमका तिसऱ्याच्या घरात जाऊन बसला. असे दोन एकत्र आले की त्यांच्यात एकाने दुसऱ्याला पाठुंगळी घेतलं असं म्हणतात, आणि पुढे दोघं एकाच फेकीत बरोबर चालतात.

ते पाहून मला एकदम ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखं झालं. लहानपणी सुटीत वडील कापडी पट पसरून कवड्या घेऊन बसायचे. सोंगट्यांच्या त्या खेळात एका रंगाच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या की त्याला जुग म्हणतात. एकटी सोंगटी मरते, पण जुगाला एकटी सोंगटी मारू शकत नाही. आमच्या घरी हा नियम इतका पक्का होता की जुग बांधला की वडील तिकडे बघायचेही नाहीत. पुढच्या फेकीत मला कुत्रा पडला. दोन घरांवर कोपरा होता. आजी हनुवटीने सारखी तिकडे खुणावत होती, जोडी तिकडे ने, आत वळव. मुलाचं बटण जोडीच्या तीनच घरं मागे होतं. मी मान हलवली. जोडी सुरक्षित आहे, असं मी तिला हाताने सांगितलं आणि ती दोन घरं वापरून चौथा गोटा पटावर आणला.

मुलाने फेकलं. तीन सपाट. मेंढी. त्याने बटण उचलून माझ्या जोडीवर ठेवलं आणि दोन्ही सागरगोटे माझ्या तळहातावर आणून दिले.

मला वाटलं त्याची काहीतरी चूक होते आहे. मी गोट्यांकडे बघत बसलो. तेवढ्यात आजी हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग ती चादरीने डोळे पुसायला लागली. सूनही हसत होती. काय झालं, मी विचारलं.

"पहिल्या वर्षी काकूंनी हेच केलं होतं," सून म्हणाली. "असंच. जोडी मरत नाही म्हणाल्या. अर्धा तास भांडत होत्या, शेवटी माझ्या नवऱ्याला पट उचलून ठेवावा लागला."

मला तो दिवस आठवला. आरडाओरडा आठवला. मी मान वर करून पाहिलं होतं, सगळे हसत होते, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून मी पान उलटलं होतं. ती मराठीत काय ओरडत होती ते त्या खोलीत मला एकट्यालाच कळलं असतं.

आजी आता माझ्याकडे बोट दाखवून बोलत होती. सुनेने भाषांतर केलं, थोडं मऊ करून केलं असावं. "म्हणतायत, धाकटी भांडली तरी. तुम्ही इतकी पुस्तकं वाचली आणि नुसते बसून राहिलात?"

मग मीही भांडलो. आधी इंग्रजीत, सभ्यपणे. मग मराठीत. जुग म्हणजे काय, तो का मरत नाही, आमचे वडील कसे खेळायचे, हे मी दोन्ही हात हलवून सांगत होतो आणि मुलगा हाताची घडी घालून, इथे मरतो काका, इथे मरतो, असं म्हणत होता. मुलाला हसू आवरत नव्हतं. आजी मात्र आता हसत नव्हती. ती लक्ष देऊन ऐकत होती, बहुधा शब्द नव्हे, आवाज. माझं बोलून झाल्यावर तिने मुलाला कपाटातून काहीतरी आणायला पाठवलं.

तो पुठ्ठ्याची एक लांब नळी घेऊन आला. तिच्यात जुने पट होते, सगळे. अकरा कॅलेंडरांची अकरा पानं, एकात एक गुंडाळलेली. आजीने सर्वांत आतलं ओढून काढलं आणि नव्या पटावरच पसरलं. कागद पिवळा पडला होता, वर्तुळं यंत्रातून काढावीत तशी एकसारखी होती. आणि कडेला, कोपऱ्याजवळच्या एका घरापासून बाण काढून, निळ्या बॉलपेनने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. उभं, घाईचं अक्षर.

सून म्हणाली, "भांडण संपल्यावर त्यांनी हे लिहिलं. आई दर वर्षी विचारायच्या काय लिहिलंय. त्या नुसत्या हसायच्या. आम्हाला वाटायचं शिवी असणार."

मी चष्मा काढून पुसला आणि वाचलं.

"इथे जुगसुद्धा मारतात. ह्यांना खेळायला बसण्याआधी सांगणे."

मी पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. सुनेने ते कोरियनमध्ये सांगितल्यावर आजीने गुडघ्यावर थाप मारली. मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी तीही सांगितली. हे सांगताना मला मध्ये थांबावं लागलं, कारण "ह्यांना" म्हणजे कोण हे त्यांना समजावून द्यावं लागलं. आमच्याकडे तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, असंच लिहितात. ते म्हणजे मी. मी केव्हातरी येऊन बसेन असं तिला वाटत होतं.

सुनेने लगेच भाषांतर केलं नाही. केलं तेव्हा फार थोड्या शब्दांत केलं. आजीने जुना पट हळूच गुंडाळून नळीत ठेवला, नव्या पटावरची बटणं आणि गोटा हलले होते ते आपापल्या घरांत सरकवले, चारही कांड्या गोळा करून माझ्या हातात दिल्या आणि काहीतरी पुटपुटली.

"आता सांगून झालं ना, म्हणतायत," सून म्हणाली. "मग फेका."

मेंढीने आमची जोडी घेतली होती म्हणून खरं तर आणखी एक फेक मुलाची होती. त्याने ती मागितली नाही. मी फेकलं, जरा जोरातच. कांड्या ब्लँकेटच्या कडेपर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. एक सपाट. डुक्कर. मी हातातल्या दोनपैकी एक सागरगोटा पहिल्या वर्तुळावर ठेवला.

आम्ही हरलो. हरलेल्यांनी भांडी घासायची असतात, असा त्या घरचा नियम आहे; मी घासली आणि आजी सिंकजवळ स्टूल ओढून पुसत बसली. बायकोचा वाडगा तिने शेवटी आणला. त्यातलं सूप गरम करून दोन वाडग्यांत ओतलं, एक मला दिला, एक स्वतः घेतला. आम्ही उभ्यानेच प्यायलो. बायकोचं जेवून झालेलं होतं.

निघताना आजी दारापर्यंत आली. तिने माझ्यासमोर चार सागरगोटे बिस्किटांच्या डब्यात टाकले आणि झाकण दाबून लावलं. पाचवा माझ्या शर्टाच्या खिशात होता. तो आहे ना, हे तिने बोटाने खिसा चाचपून पाहिलं, आणि मग मला जाऊ दिलं.